तीन दिवसांचा गोवर

त्सुयाको: तिसऱ्या खणात नसेल तर नाहीच ती. पुरात गेली असणार.

किमिहारू: आई, पुराचं पाणी वरच्या मजल्यावर चढलंच नव्हतं. माझ्या नाळेची लाकडी डबी इथे आहे, कापसासकट. नाळ राहिली आणि तिच्याशेजारी ठेवलेली माझी बाळवही, लशींच्या-आजारांच्या नोंदींची, तेवढी वाहून गेली, असं कसं होईल?

त्सुयाको: पाण्याला काय उचलायचं ते आपण सांगायचं असतं का? मिळत नाही तर सोड. खण लाव आणि खाली ये. लोणच्याचे हे मुळे आज बांधून वाळत टांगायचेत. ऊन गेलं की हात गारठतात.

किमिहारू: एक वही सापडली. थांब, घेऊन येतो.

त्सुयाको: बघू. अरे, ही तर मोनाकाची.

किमिहारू: हो. मुलाची वही नाही, कुत्रीची आहे. एप्रिल, एप्रिल, एप्रिल. अकरा वर्षांत एकही एप्रिल चुकलेला नाही. शिक्के, तारखा, लशीचा क्रमांक, सगळं जागच्या जागी.

त्सुयाको: तिचं कसं चुकेल? नगरपालिकेचं पत्र येतं. टोचून आणली की दारावर स्टिकर लावायचा असतो. नाही लावला तर शेजारीण वाचत बसते आपलं दार.

किमिहारू: पत्र मलाही आलं होतं.

त्सुयाको: तुला कसलं?

किमिहारू: मे महिन्यात. माझ्या वयाच्या सगळ्या पुरुषांना कुपनं पाठवलीत. रक्त तपासून घ्या, अंगात प्रतिकारशक्ती नसेल तर रुबेलाची लस टोचून घ्या. आमच्या वेळी मुलींना व्यायामशाळेत रांगेत उभं करून टोचली होती आणि मुलांना चेंडू देऊन मैदानात सोडलं होतं. आम्ही खिडकीशी जाऊन त्यांना वेडावलं. तीस वर्षांनी सरकारच्या लक्षात आलं, की मुलगेही कुणाच्या तरी शेजारी राहतात.

त्सुयाको: मग घेतलीस टोचून?

किमिहारू: मला कशाला? मला होऊन गेलाय. चौथीत असताना, जूनमध्ये. तीन दिवसांचा गोवर. रुबेला म्हणजे तोच. सप्टेंबरात कंपनीच्या आवारात तपासणीची गाडी आली होती, तेव्हाही मी अर्जात लिहून दिलं, आजार पूर्वी झाला आहे. खाली माझ्या नावाचा शिक्का मारला.

त्सुयाको: शिक्का मारलास?

किमिहारू: शिक्क्याशिवाय अर्ज घेत नाहीत.

त्सुयाको: हा मुळा धर. शेंड्याकडून नाही, पाल्याकडून. तुला आत्ता ती वही कशाला हवी झालीय? चव्वेचाळीस वर्षांत कधी विचारलं नाहीस.

किमिहारू: सानाएला लेखी हवंय.

त्सुयाको: का? नवऱ्याचा शब्द पुरत नाही?

किमिहारू: तिचं कामच ते. सोळा वर्षं वर्तमानपत्राची मुद्रितं तपासतेय. जे तारखेसकट लिहिलेलं नाही ते तिच्या लेखी घडलेलंच नसतं. आमच्या लग्नाची तारीखसुद्धा तिने दाखला काढून पडताळली आणि मगच कॅलेंडरवर लिहिली.

त्सुयाको: आहे कशी ती? पोटात काही ठरतं का?

किमिहारू: नववा आठवडा चालू आहे. शिजणाऱ्या भाताचा वास सहन होत नाही तिला. मी गॅलरीत उभा राहून जेवतो.

त्सुयाको: नोव्हेंबरात?

किमिहारू: कोट घालून.

त्सुयाको: आठ वर्षं मी तोंड मिटून होते. नातवाचं नाव काढलं नाही, शेजारणीच्या नातवाचे फोटोही दाखवले नाहीत तुम्हाला. आता चांगलं झालंय तर मला कुत्रीच्या वह्या दाखवतोस. काय झालंय ते नीट सांग.

किमिहारू: मंगळवारी तिच्या रक्ताचा निकाल आला. रुबेलाच्या प्रतिकारशक्तीचा आकडा आठ. बत्तीस असता तर डॉक्टर काही बोलले नसते.

त्सुयाको: आठ म्हणजे काय, नापास?

किमिहारू: नापासच म्हण. आणि तिला लस टोचलेली होती, आई. चौदाव्या वर्षी, एकदा. तिला वाटत होतं की एकदा टोचली म्हणजे जन्माची चिंता मिटली. डॉक्टर म्हणाले, कुणाची पुरते, कुणाची हळूहळू उतरत जाते, म्हणून तर हल्ली मुलांना दोनदा देतात. त्यावर ती म्हणाली, गाडी चालवायचा परवानासुद्धा पाच वर्षांनी नवा करून घ्यायला पत्र येतं, मग याचं का आलं नाही? डॉक्टरांनी तिचं अभिनंदन केलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

त्सुयाको: मग आता टोचून घेऊ दे की तिला.

किमिहारू: मूल पोटात असताना ही लस देता येत नाही. तिने करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. जे करायचं ते भोवतालच्यांनी करायचं.

त्सुयाको: भोवतालचे म्हणजे तू.

किमिहारू: म्हणजे मी. आणि माझा प्रश्न तर केव्हाच सुटलेला आहे. फक्त तो सुटल्याचा कागद हवाय.

त्सुयाको: कागदापेक्षा रक्तच तपासून घे ना. कुपन पडलंय म्हणतोस घरात.

किमिहारू: दवाखाना पाचला बंद होतो. अर्धी रजा टाकावी लागेल.

त्सुयाको: टाक मग.

किमिहारू: एकवीस वर्षांत मी अर्धी रजा टाकलेली नाही, आई. बाबा गेले तेव्हासुद्धा शनिवार होता. रविवारी सगळं उरकलं आणि सोमवारी मी कामावर हजर होतो.

त्सुयाको: तेवढ्यासाठीच शनिवार बघून गेले ते. तुझी अडचण नको म्हणून.

किमिहारू: तू हसतेस, पण दर नव्या वर्षी साहेब सगळ्यांसमोर यादी वाचतात. ज्यांची एकही रजा पडलेली नाही अशांची. मी लागलो तेव्हा चौदा नावं होती. गेल्या वर्षी दोन उरली होती, इबुकी आणि मी. या वर्षी माझं एकट्याचंच राहील.

त्सुयाको: इबुकी कोण?

किमिहारू: माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. चष्म्याच्या दांड्या वाकवून बघायचं काम त्याचं, बिजागऱ्या उघडून-मिटून बघायचं माझं.

त्सुयाको: आणि त्याचं नाव का गेलं?

किमिहारू: त्याच्यामुळेच तर आज आलोय. गुरुवारी तो सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावून आला. कधी लावत नाही. मान वळवली की आत लाल पुरळ दिसायचं. म्हणाला, घामोळं आहे.

त्सुयाको: बाहेर कोट घालून जेवायची हवा आणि याला घामोळं.

किमिहारू: आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी काय म्हणणार? यादीला दीड महिना उरला होता. शुक्रवारी त्याच्या बायकोने त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. काल आरोग्य केंद्रातून मला फोन आला. रुबेला.

त्सुयाको: तू त्याच्या जवळ किती होतास?

किमिहारू: रोज दुपारी समोरासमोर बसून जेवतो. आणि तो आजार म्हणे पुरळ उठायच्या आधी आठवडाभरसुद्धा पसरत असतो. फोनवरची बाई म्हणाली, ज्यांना पूर्वी होऊन गेलाय त्यांनी निश्चिंत असावं. मी म्हटलं, मला होऊन गेलाय. ती म्हणाली, छान. सानाए शेजारी बसून ऐकत होती. मी फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, कशावरून?

(त्सुयाको हातातली सुरी धुऊन, पुसून, पालथी ठेवते. बांधलेले मुळे दोरीवर जोडीजोडीने लटकताहेत आणि त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकतं आहे. अर्धे मुळे अजून टोपलीतच आहेत, पण ती त्यांच्याकडे पाहत नाही.)

त्सुयाको: काल तू झोपलास कुठे?

किमिहारू: घरी.

त्सुयाको: तिच्याच खोलीत?

किमिहारू: आई, हे काय विचारणं?

त्सुयाको: विचारते ते सांग.

किमिहारू: हो. तिच्याच खोलीत.

त्सुयाको: उद्या सकाळी रक्त दे. कामावर जायच्या आधी नाही, कामावर न जाता.

किमिहारू: पण कशासाठी? तू स्वतः माझी शुश्रूषा केलीस. मला सगळं आठवतंय. दोन्ही हातांवर लाल ठिपके होते. तू मला हवापालट म्हणून मिकुनीला आजीकडे घेऊन गेलीस. आगगाडीत खिडकीशी बसवलंस. आजीने गार शेवया केल्या होत्या. अंथरुणात पडल्या-पडल्या समुद्र ऐकू यायचा. मला वाटायचं, तापाने कानांत असं वाजतंय.

त्सुयाको: अंगावर पुरळ उठलेलं पोर आगगाडीत घालून म्हाताऱ्या बाईच्या घरी कुठली आई नेईल?

किमिहारू: हा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्सुयाको: एकवीस वर्षं लोकांच्या चष्म्यांत खोट शोधतोस आणि हे निसटलं तुझ्या नजरेतून.

किमिहारू: मग ते ठिपके?

त्सुयाको: डास. तुझ्या आजीची मच्छरदाणी कोपऱ्यात फाटली होती.

किमिहारू: आणि ताप?

त्सुयाको: ताप तुला नव्हता. कुणालाच नव्हता.

किमिहारू: मग आपण गेलो कशाला होतो?

त्सुयाको: माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. तुझ्या बाबांना महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. आदल्या दिवशी ते म्हणाले, बुधवारी माल जायचाय, चष्म्याच्या बाराशे दांड्या घासायच्या राहिल्यात, मेलेला माणूस काही पळून जात नाही. वाईट बोलायचं म्हणून बोलले नाहीत. हिशेब म्हणून बोलले. त्याचाच मला जास्त राग आला. सकाळी तुला शाळेत पोचवायला निघाले आणि शाळेवरून तशीच पुढे स्टेशनात गेले.

किमिहारू: मी काही म्हणालो नाही?

त्सुयाको: फुकुईला गाडी बदलेपर्यंत गप्प होतास. मग विचारलंस, आई, आत्ता हजेरी घेतली असेल का? आणि तिथून मिकुनीपर्यंत रडलास. आजोबांसाठी नाही, बाबा मागे राहिले म्हणूनही नाही. हजेरीसाठी. डब्यातल्या बायका मला विचारत होत्या, कोण गेलं?

किमिहारू: श्राद्ध तर एका दिवसाचं. आपण तीन दिवस होतो.

त्सुयाको: पिशवीत मी हिवाळ्याचे कपडे भरले होते, किमिहारू.

किमिहारू: जूनमध्ये?

त्सुयाको: जूनमध्ये.

किमिहारू: म्हणजे तू परत येणारच नव्हतीस.

त्सुयाको: मिकुनीला मासे साफ करायच्या शेडमध्ये काम मिळत होतं. आजीने बोलून ठेवलं होतं. पण तिसऱ्या दिवशी तू जेवेनास. ताटाकडे बघत म्हणालास, तीन दिवस बुडाले, आता सहावीत बक्षीस नाही, आता परत जाऊनही उपयोग नाही. दहा वर्षांचं पोर ते. त्या ‘उपयोग नाही’ची मला भीती वाटली. तुझे बाबा जे म्हणाले होते त्याची नव्हती वाटली एवढी. शुक्रवारी पहिल्या गाडीने निघाले आणि शाळा भरायच्या आत, स्टेशनवरून सरळ शिराकी डॉक्टरांच्या दारात.

किमिहारू: आणि त्यांनी लिहून दिलं?

त्सुयाको: त्यांनी तुझे हात उलटसुलट करून बघितले. मग माझी पिशवी बघितली. बंदातून लोकरीची बाही बाहेर आली होती. काही विचारलं नाही. म्हणाले, साथीचा आजार असला की शाळा गैरहजेरी मांडत नाही. कोणता लिहू? मग आपणच बोटं मोजली, मंगळ, बुध, गुरू. म्हणाले, तीन दिवसांचा गोवर नेमका बसतो.

किमिहारू: म्हणजे ते प्रशस्तिपत्रक खोटं आहे.

त्सुयाको: तू काय घेऊन बसलास?

किमिहारू: त्यावर छापलंय, सहा वर्षांत एकही दिवस गैरहजर नाही. मुख्याध्यापकांची सही आहे. ते मी कामाच्या टेबलासमोर लावलंय. नवीन माणूस लागला की साहेब त्याला आणून दाखवतात.

त्सुयाको: उतरवून ठेव.

किमिहारू: बाबांना माहीत होतं?

त्सुयाको: त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी परत आले. शेवटपर्यंत तेच वाटत राहिलं. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, तेव्हा परत आलीस ते बरं केलंस. मी हो म्हटलं. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं, पोराची हजेरी बुडत होती म्हणून?

किमिहारू: मला तरी सांगायचं होतंस.

त्सुयाको: काय सांगायचं? मला सुट्टी कुणी देणार नव्हतं, म्हणून तुला आजारी पाडलं? वाटलं, एवढासा कागद, कुणाचं काय जाणारे त्यात. आणि चौतीस वर्षं खरंच कुणाचं काही गेलं नाही.

किमिहारू: वही कुठे आहे, आई?

त्सुयाको: तांदळाच्या डब्याखाली.

किमिहारू: कधीपासून?

त्सुयाको: काल फोनवर म्हणालास, वही शोधायला येतो. तेव्हापासून.

किमिहारू: दे. सानाएला फोन लावतो. आवाज मोठा करून मधे ठेवतो, तूही इथेच बस. हॅलो, सानाए. मी आईकडे आहे, ती ऐकतेय.

सानाए: नमस्कार, आई. मुळे झाले का टांगून?

त्सुयाको: अर्धे झाले.

सानाए: वही मिळाली?

किमिहारू: मिळाली.

सानाए: वाच.

किमिहारू: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, टोचलंय, तारखा आहेत. पोलिओ आहे. गोवर आहे, म्हणजे मोठा गोवर. रुबेला.

सानाए: पुढे?

किमिहारू: पुढे ओळ रिकामी आहे.

सानाए: ती असणारच. मुलग्यांना देतच नव्हते. मागे उलट. होऊन गेलेल्या आजारांचं पान असतं.

किमिहारू: कांजिण्या, तीन वर्षांचा असताना. बस. अर्थात, लिहायचं राहून गेलं असेल, अशीही एक शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे त्या काळी नोंदी ठेवण्याची पद्धत बघता...

त्सुयाको: किमिहारू.

किमिहारू: झाला नव्हता, सानाए. मला कधीच झाला नव्हता.

त्सुयाको: त्याचा दोष नाही गं. मी खोटं बोलले होते.

सानाए: केव्हा?

त्सुयाको: त्याच्या चौथीत. पंच्याऐंशी साली, जूनमध्ये.

सानाए: तारीख?

त्सुयाको: अकरा ते तेरा. चौदाला डॉक्टरांचा कागद.

सानाए: आभारी आहे. तारखांसकट कबूल केलेलं खोटं मी पहिल्यांदा ऐकतेय. आमच्या पहिल्या पानावरही येत नाही.

किमिहारू: तू रागावलीस?

सानाए: माहीत नाही. सकाळपासून ते पत्रक वाचतेय, दवाखान्यात दिलेलं. कान, डोळे, हृदय. बाळाला काय होऊ शकतं, ते या क्रमाने छापलंय. आणि ‘हृदय’ या शब्दात छपाईची चूक आहे. मी लाल पेनाने ती दुरुस्त केली. मग पुन्हा वरून वाचायला लागले. चारदा दुरुस्त केली. कागद फाटला तिथे.

किमिहारू: मी आत्ता निघतो.

सानाए: नको.

किमिहारू: हं.

सानाए: मी आरोग्य केंद्राला पुन्हा फोन केला होता. ती बाई म्हणाली, लागण झाली तरी पहिले काही दिवस माणूस ती दुसऱ्याला देत नाही. कदाचित तू अजून त्या दिवसांतच असशील. कदाचित तुला लागलंच नसेल. ‘कदाचित’ सात वेळा म्हणाली. आमच्याकडे एका बातमीत दोनदा आला तर मी खूण करते. गुरुवारपासून एकवीस दिवस तू माझ्या जवळ यायचं नाहीस.

त्सुयाको: राहील तो इथे. वरची खोली रिकामीच आहे.

सानाए: आणि उद्या रक्त दे. लस द्यायची ठरली तर घे. या वेळेला तिचा उपयोग व्हायचा नाही, उशीर झालाय. पण घे. पुढच्या इबुकींसाठी.

किमिहारू: घेतो.

सानाए: आई, तुमचं काय? तुम्हाला झालाय का?

त्सुयाको: मला लहानपणीच होऊन गेलाय. खराखुरा.

सानाए: कशावरून?

त्सुयाको: उद्या दोघं जाऊ.

किमिहारू: पण कामावर काय सांगायचं? दवाखान्याचं एक वेळ समजू शकतो. तीन आठवडे...

सानाए: तुमच्या खात्यात बायका किती?

किमिहारू: सहा. एकीचं मागच्या महिन्यात लग्न झालंय.

सानाए: मग तिथे बसून तू कुणाला काय देशील? साहेबांना आत्ताच फोन कर.

किमिहारू: आज रविवार आहे.

सानाए: म्हणूनच घरी सापडतील. काय सांगणार आहेस ते आधी मला ऐकव.

किमिहारू: सुट्टीच्या दिवशी आपल्याला त्रास देत असल्याबद्दल मनःपूर्वक क्षमा मागतो. अत्यंत खासगी आणि मला स्वतःला लाज वाटावी अशा कारणास्तव, सर्व सहकाऱ्यांची होणारी गैरसोय पूर्णपणे जाणून...

सानाए: काट मार.

किमिहारू: कुठून?

सानाए: ‘सुट्टी’पासून ‘जाणून’पर्यंत.

किमिहारू: मग उरतंच काय?

त्सुयाको: गोवर आलाय म्हणून सांग. लगेच देतील.

सानाए: आई.

त्सुयाको: सवय गं. जात नाही.

सानाए: सांग, किमिहारू. जे आहे तेवढंच.

किमिहारू: मला रुबेला होऊन गेलेला नाही. अर्जात मी लिहिलं ते चुकीचं होतं. इबुकीबरोबर मी रोज जेवत होतो. माझी पत्नी गरोदर आहे. तीन आठवडे मी येणार नाही.

सानाए: यात काढण्यासारखं काही नाही.

किमिहारू: गरोदर म्हणालो मी. बारा आठवडे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं तू म्हणाली होतीस. ते काढू?

सानाए: ठेव.

किमिहारू: नक्की?

सानाए: ते पहिलं वाक्य कर. बाकीची त्याच्या मागून येऊ देत.

त्सुयाको: सानाए, मी काय बोलू तुझ्याशी? त्या वेळी मला खरंच वाटलं होतं, की तीन दिवसांची गोष्ट तीन दिवसांत संपेल.

सानाए: तुम्ही काही बोलू नका, आई. त्याला गरम भात वाढा. टेबलावर, बसून. पंधरा दिवस झाले बिचाऱ्याला.

त्सुयाको: वाढते. आणि तू काय खाणार आहेस?

सानाए: गार काहीतरी. ज्याला वास नाही असं.

किमिहारू: माझे कपडे तिकडेच आहेत. दाढीचं सामानही.

सानाए: भरून ठेवलेत. बॅग दाराबाहेर ठेवते. सहा वाजता ये, बॅग उचल आणि जा. बेल वाजवू नकोस.

किमिहारू: का?

सानाए: वाजवलीस तर मी दार उघडेन.

किमिहारू: नाही वाजवणार. पण मग मी येऊन गेलो, हे तुला कळणार कसं?

सानाए: जिना चढताना तू पायऱ्या मोजतोस. अठ्ठेचाळीसला थांबतोस आणि किल्ली काढतोस.

किमिहारू: मी मनात मोजतो.

सानाए: नाही. पुटपुटतोस. आठ वर्षं ऐकतेय मी.

किमिहारू: कधी बोलली नाहीस.

सानाए: बोलले असते तर थांबवलं असतंस.

किमिहारू: सहा वाजता येतो.

सानाए: आज जरा मोठ्याने मोज. उतरतानाही.